गावठाणातला क्रूस: सोळाशे की अठराशे?

खाडीकाठी (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतींमध्ये अडकून राहिलेल्या एका जुन्या गावठाणात माझे बालपण गेले आणि आमचे घर अजूनही तिथेच आहे. गावाच्या तिठ्यावर काळ्या दगडाचा एक क्रूस उभा आहे. खाली तीन पायऱ्यांचा चौथरा, चौथऱ्यात दिव्यासाठी लहानसा कोनाडा आणि त्याच्या आतल्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी असे त्याचे रूप मला लहानपणापासून आठवते. आमच्या घरात त्याला ‘खुरीस’ म्हणत. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे जपमाळ आणि लितानी होत असे. लॅटिनमधला ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) हा प्रतिसाद आम्ही मुले अर्थ न कळता जास्तीत जास्त वेगाने म्हणत असू, कारण प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले जात.

काही वर्षांपूर्वी गावातल्या उत्साही मंडळींनी क्रूसाला रुपेरी ऑइल पेंट लावला, चौथऱ्यावर सिमेंट थापून न्हाणीघरात बसवतात तसल्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या आणि दगडावरची झिजलेली अक्षरे लाल रंगाने ‘स्पष्ट’ करून घेतली. तेव्हापासून क्रूसावर 1698 हे साल ठळकपणे दिसते. आता रस्ता रुंद होणार आहे आणि गेल्या महिन्यात चौथऱ्यावर कोणीतरी मोजणीची खूण करून गेले आहे. गावाच्या समितीने अर्जाचा मसुदा केला असून त्यात ‘पोर्तुगीजकालीन, सन 1698’ असा उल्लेख आहे.

माझी अडचण अशी आहे की आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांनी ‘गाठीच्या तापात’ या चौथऱ्याचे दगड बैलगाडीतून आणले होते. आजीचे सासरे 1698 मध्ये असणे शक्य नाही. समितीतल्या एका काकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की चौथरा नंतरचा असेल, क्रूस जुनाच आहे. तेही अशक्य नाही. अशा क्रूसाचे वय कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाषाणप्रेमी

चांगला प्रश्न आहे. रंगाऱ्याने रंगवलेल्या सालावर विश्वास ठेवू नये, हे प्रथम सांगतो. झिजलेल्या कोरीव आकड्यात ब्रश फिरवताना रंगारी त्याला जे दिसते ते रंगवतो, आणि आठच्या वरच्या गोलाची उजवी बाजू झिजली असेल तर त्याला सहा दिसतो.

साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे, ठाणे ज्यात येते ते बेट) आणि वसई हा मुलूख 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसईचा किल्ला पडेपर्यंत त्यांच्याकडे राहिला. ठाणे त्याआधीच, म्हणजे 1737 मध्ये, मराठ्यांनी घेतले होते. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेल्या ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो त्याच वेळी हातचा गेला. तेव्हा 1698 हे साल खरे असेल तर क्रूस खरोखरच पोर्तुगीज अमलातला ठरेल. प्रश्न एवढाच आहे की दगड त्या काळाची साक्ष देतो का.

सतराव्या शतकातल्या आपल्याकडच्या मोठ्या दगडी क्रूसांवर पुष्कळदा ख्रिस्ताच्या दुःखभोगाची चिन्हे उठावात कोरलेली असतात: शिडी, भाला, काठीला लावलेला स्पंज, हातोडा, खिळे, पकड, शिष्य पेत्राला त्याने येशूला नाकारल्याची आठवण देणारा कोंबडा, सैनिकांनी झग्यासाठी टाकलेले फासे आणि अगदी तळाशी कवटी व हाडे. ही कवटी पाहून लोक उगाच घाबरतात. ख्रिस्ताला जिथे क्रूसावर दिले त्या गोलगोथाच्या टेकडीखाली आदामाला पुरले होते, अशी जुनी श्रद्धा आहे आणि कवटी त्या आदामाची आहे. हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात जावे. तिथला एकसंध दगडाचा, सुमारे 17 फूट उंचीचा क्रूस मूळचा जेझुइटांच्या सेंट अॅन कॉलेजच्या आवारातला असून तो वरपासून खालपर्यंत अशा चिन्हांनी भरलेला आहे.

आपल्या क्रूसावर अशी चिन्हे नसतील तर तेवढ्यावरून तो नंतरचा ठरत नाही, कारण खेड्यातले क्रूस साधेही असत. म्हणून अक्षरांकडे वळावे. जुन्या लेखात पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे असतात. ‘पी एन ए एम’ ही चार अक्षरे दिसली तर ती ‘पाद्रे नोस्सो, आव्हे मारिया’ची असतात, म्हणजे वाटसरूने क्षणभर थांबून मृतांच्या आत्म्यांसाठी एकेकदा ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मारिया’ म्हणावे, अशी ती विनंती असते.

वाचण्यासाठी एक सोपा उपाय सांगतो. रात्री जा, जवळचा दिवा बंद करून घ्या आणि बॅटरी दगडासमोर न धरता अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. खोलगट भागात सावली पडते आणि दिवसा न दिसणारी अक्षरे उमटतात. बॅटरी डावीकडून, उजवीकडून आणि वरून अशी फिरवून प्रत्येक वेळी छायाचित्र घ्या. खडूने अक्षरे भरू नका आणि तारेचा ब्रश तर जवळही नेऊ नका.

माजिवडेकरीण

मी ख्रिस्ती नाही, आगरी आहे. आमच्या शेताच्या वाटेवरही असा एक क्रूस होता आणि म्हैस आजारी पडली की आजी गावदेवीला नारळ आणि क्रूसाला मेणबत्ती असे दोन्ही एकाच दिवशी करत असे. तिला त्यात विसंगती वाटत नव्हती. काळाविषयी मला सांगता येणार नाही, पण आमच्याकडेही त्याचा संबंध साथीशीच जोडला जात असे.

जुनादस्तऐवज

धागाकर्त्यांच्या आजींची आठवण गांभीर्याने घ्यावी, असे माझे मत आहे. ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेग.

मुंबईत प्लेगचे निदान 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. पुढच्या काही महिन्यांत साथ शहराबाहेर पसरली, निम्मे शहर गावांकडे पळाले आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही गावांत आला. 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला लशीपेक्षा घरझडती, विलगीकरणाची छावणी आणि रिकामे करून चुना मारलेले घर हेच अधिक आले. लोक घरे सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. अशा वेळी पाखाडीपाखाडीत (वस्तीवस्तीत), तिठ्यावर, विहिरीजवळ लोकांनी वर्गणी काढून क्रूस उभे केले आणि तिथे उघड्यावर प्रार्थना सुरू केल्या. माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, वांद्र्यातल्या जुन्या पाखाड्या आणि साष्टीतली गावे इथे या काळातले क्रूस आजही आहेत. इंग्रजीत त्यांना ‘प्लेग क्रॉस’ असेच नाव पडले आहे. साथ टळावी म्हणून आणि टळल्यावर नवस फेडण्यासाठी, अशा दोन्ही कारणांनी ते उभे राहिले.

आपल्या क्रूसाशेजारी किंवा कोनाड्यात एखाद्या संताची जुनी प्रतिमा होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. अंगात बाण रुतलेले संत सबास्त्यान आणि मांडीवरची जखम दाखवणारे, पायाशी कुत्रा असलेले संत रोक हे दोघेही प्लेगपासून राखणारे संत मानले जातात.

1698 मधला सहाचा आकडा खरे तर आठ असेल तर साल 1898 होते आणि आजींचे सासरे बैलगाडीसह बरोबर जागेवर येतात.

तिरकस

सर्व माहिती उत्तम आहे, पण व्यवहाराचे कोणी बोलत नाही. समोरचा अधिकारी ‘पोर्तुगीजकालीन’ हा शब्द वाचून दोन मिनिटे तरी थांबेल. ‘प्लेगच्या वेळचा’ असे लिहिले तर तो पुढचा कागद उचलेल. रंगाऱ्याने चूक केली असेल तर ती गावाच्या फायद्याची चूक आहे. ती शोधून काढण्याचा अट्टहास कशासाठी?

जुनादस्तऐवज

कारण ती चूक शोधून काढणे समोरच्यालाही तितकेच सोपे आहे. एकदा साल खोटे ठरले की खालचा सारा अर्ज खोटा ठरतो, आणि त्यातली खरी गोष्टही कोणी ऐकून घेत नाही. शिवाय पोर्तुगीज काळातला क्रूस कोणी उभारला हे शोधणे बहुधा अशक्यच असते. प्लेगच्या काळातला क्रूस कोणी उभारला, दगड कोणी वाहिले आणि वर्गणी कोणी दिली, हे त्याच गावातल्या घराघरांत अजून सापडू शकते. गावाचा हक्क सांगायचा तर माझ्या दृष्टीने ही बाजू अधिक भक्कम आहे.

उत्तनकर

मी मूळचा उत्तनचा आणि सध्या नेरूळला राहतो. क्रूस कुठे उभा आहे, यावरूनही पुष्कळ कळते, म्हणून थोडे लिहितो.

आमच्याकडे बंदरावरच्या क्रूसाचे काम वेगळे आणि पाखाडीतल्या क्रूसाचे वेगळे. बंदरावरचा क्रूस समुद्राकडे तोंड करून असतो. शासनाची 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी संपली की होड्या पाण्यात लोटण्याआधी त्यांना आशीर्वाद दिला जातो. समुद्रावर गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातली बाई ज्याच्यापाशी मेणबत्ती लावते, तो हा क्रूस. पाखाडीतला क्रूस घरांकडे तोंड करून असतो, कारण त्याच्यासमोर माणसे बसून प्रार्थना करणार असतात आणि म्हणूनच त्याच्यापुढे थोडे अंगण सोडलेले असते. तिसरा प्रकार वेशीवरचा किंवा तिठ्यावरचा. आपल्या मुलखात वेशीवर मारुती आणि तिठ्यावर उतारा ही रीत जुनीच आहे. धर्म बदलला तरी तिठ्याची भीती कशी जाईल? तिथे क्रूस आला.

धागाकर्त्यांचा क्रूस तिठ्यावर आहे, पण त्याचे तोंड रस्त्याकडे आहे की घरांकडे? घरांकडे असेल आणि पुढे मोकळी जागा असेल, तर तो मुळात सामुदायिक प्रार्थनेसाठी उभारला असण्याची शक्यता वाढते.

जाता जाता एक. आमच्याकडे क्रूसाचा सण 3 मे रोजी होतो. 1960 मध्ये रोममधून पंचांगात सुधारणा झाली आणि तो सण सार्वत्रिक यादीतून गेला. 14 सप्टेंबरचा क्रूसविजयाचा सण तेवढा राहिला. गावाने मात्र 3 मे सोडला नाही. सप्टेंबरात पावसाने चौथरा निसरडा असतो आणि मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असतात, हे रोमला कुठून कळणार?

खाडीकाठी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल रात्री साडेअकराला मी आणि माझा पुतण्या बॅटरी घेऊन गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बाहेरचा दिवा बंद करायला सांगितला, तेव्हा त्याला वाटले की चोरी चालली आहे. पाच मिनिटांत आमच्याभोवती सात-आठ माणसे जमली आणि मग तीच माणसे उत्साहाने ‘अजून थोडी खाली धरा’ असे सांगू लागली.

निष्कर्ष सांगतो. दुःखभोगाची चिन्हे कुठेही नाहीत. वरच्या बाजूला ‘आय एन आर आय’ (‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे) ही चार अक्षरे आहेत. सालाचा दुसरा आकडा बॅटरी उजवीकडून धरली की सहा दिसतो आणि वरून धरली की लाल रंगाखाली वरच्या गोलाची राहिलेली बाजू केसाएवढ्या सावलीने स्पष्ट उमटते. तो आठ आहे. पुतण्याने एकाच जागेवरून सहा छायाचित्रे घेतली आहेत आणि त्यांपैकी चारांत आठ निर्विवाद आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट आकड्याच्या वरच्या ओळीत सापडली. रंगाऱ्याने ती ओळ नक्षी समजून नुसती रुपेरी रंगाखाली गाडली होती. पहिला शब्द आम्हाला अक्षर-अक्षर लावावा लागला: ई, आर, ई, सी, टी, ई, डी. ‘इरेक्टेड’. पुढचा भाग सिमेंटच्या गिलाव्याखाली गेला आहे.

पोर्तुगीज अमलातल्या साष्टीच्या खेड्यात 1698 मध्ये कोणी इंग्रजीत ‘उभारला’ असे कोरून ठेवील, हे मला पटत नाही. उत्तनकरांच्या प्रश्नाचे उत्तर: तोंड घरांकडे आहे आणि पुढे अंगण होते, तिथे आता दुचाक्या लावतात.

खरे सांगायचे तर घरी परतताना क्षणभर वाईट वाटले. दोनशे वर्षे एका झटक्यात गेली. सकाळी आईला सांगितले, तर ती चहा गाळता गाळता म्हणाली, ‘मग सासूबाई खोटं बोलत होत्या असं वाटलं होतं का तुला?’

पाषाणप्रेमी

‘इरेक्टेड’ या एका शब्दाने वाद संपला. साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली ती 1774 च्या अखेरीस आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याआधी इथे इंग्रजी लेख संभवत नाही. आपल्या मुलखातल्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संस्था स्थापून घेतले. दुरून आलेल्या इतर ख्रिस्ती नोकरदारांहून आपण वेगळे आणि इथलेच आहोत, हे इंग्रज सरकारला सांगायचे होते. इंग्रजीतला लेख त्याच वाऱ्याचा आहे.

आता गिलावा फोडण्याची घाई करू नका, ही कळकळीची विनंती. छिन्नी लागली तर गिलाव्याबरोबर अक्षरेही जातील. काळा पाषाण घट्ट असतो, पाणी फारसे पीत नाही, त्यामुळे ऑइल पेंटने त्याचे तितके नुकसान होत नाही. मालाडच्या पिवळसर दगडाचा क्रूस असता तर रंगाखाली ओल कोंडून आतापर्यंत पापुद्रे निघाले असते. खरा धोका चौथऱ्याला आहे. जुने बांधकाम चुन्याचे असते आणि चुना ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट आणि टाइल्स बसवल्या की जमिनीतली ओल आत कोंडते आणि सांधे भुसभुशीत होतात. टाइलवर बोटाने टिचकी मारून पोकळ आवाज येतो का, ते पाहा. येत असेल तर ती टाइल सुटलेलीच आहे आणि जाणकाराच्या हाताखाली दगडाला धक्का न लावता निघेल. मेणबत्त्यांसाठी थोडे दूर वेगळे लोखंडी स्टँड ठेवा. दगडावरचे मेण लाकडी पट्टीने काढावे, चाकूने नव्हे.

मीठबंदर

कागदपत्रांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझा पेशा जमिनीच्या कामाचा आहे.

सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा मूळ आदेश 29 सप्टेंबर 2009 चा आहे आणि त्यानंतर नवे बांधकाम होऊ द्यायचे नाही, असा त्याचा गाभा आहे. त्याआधीच्या बांधकामांची वर्गवारी करण्यासाठी राज्य शासनाने 5 मे 2011 रोजी निर्णय काढला. त्यानुसार नियमित करता येण्याजोगी, पाडायची आणि हलवायची असे तीन वर्ग केले जातात. तुमचा क्रूस कोणत्या वर्गात लिहिला गेला आहे, हे आधी माहितीच्या अधिकारात विचारा. पुष्कळदा यादी तयार होते तेव्हा गावाला पत्ताच नसतो.

दुसरे, ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द गृहीत धरू नका. गावठाणातल्या जमिनीला शेतसारा नसल्यामुळे तिथे सातबारा सहसा मिळत नाही, म्हणून लोक ‘कागदच नाही’ असे म्हणून बसतात. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक असते आणि त्यासोबत मोजणीचा नकाशा असतो. त्या नकाशावर क्रूस किंवा चौथरा दाखवला आहे का आणि तो रस्त्यात दाखवला आहे की कोणाच्या मिळकतीत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. 2017 च्या एप्रिलअखेरीस वांद्र्याच्या बाजार रोडवरचा क्रूस पाडला गेला, तेव्हा तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि आमच्या खासगी जागेत आहे, असेच मालकांचे म्हणणे होते. कागद पाडण्याआधी समोर यावेत, एवढा धडा त्यातून घ्यावा.

तिसरे, तिरकस यांच्यासाठी. 1698 असो वा 1898, दोन्ही साले 2009 च्या आधीचीच आहेत. खोट्या दोनशे वर्षांनी या निर्णयापुरता तरी काडीचाही फायदा होत नाही.

तिरकस

मान्य. दोनशे वर्षे मागे घेतो.

वसईची_वाट

आमचा तालुका 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणून हक्काने लिहिते. एखादा क्रूस हलवावाच लागला तर काय करावे, हेही आधीच ठरवून ठेवावे. आमच्या वाडीतला क्रूस रस्त्यासाठी हलवला तेव्हा आधी कोणत्याही दगडाला क्रमांक दिला नाही. क्रूस नव्या जागी व्यवस्थित बसला. चौथऱ्याचे दगड मात्र ठेकेदाराच्या भरावात गेले. नवा चौथरा ग्रॅनाइटचा आहे आणि त्यात कोनाडा नाही. दिवा आता स्टीलच्या ताटलीत ठेवावा लागतो आणि पहिल्या वाऱ्याला विझतो. तेव्हा आजच प्रत्येक दगडाचे माप आणि छायाचित्र घ्या, खडूने नव्हे तर कागदावरच्या आराखड्यात क्रमांक द्या आणि तिठ्यापासून, विहिरीपासून, जवळच्या घरापासून अंतरे मोजून ठेवा.

खाडीकाठी (धागाकर्ता)

काल रविवारी मिस्सानंतर समितीची बैठक झाली. मी छायाचित्रे मोबाइलवर न दाखवता मोठी छापून नेली होती, आणि ते बरे झाले, कारण वयस्कर मंडळींनी ती हातात घेऊन उजेडात तिरकी करून पाहिली. ज्या काकांनी मसुदा लिहिला होता, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की त्यांच्याही घरात प्लेगच्या वेळी शेतात खोपट बांधून राहिल्याची गोष्ट सांगत असत, पण तिचा आणि क्रूसाचा संबंध कधी कोणी जोडला नव्हता. त्यानंतर आणखी दोन घरांतून आठवणी निघाल्या. एका मावशींच्या माळ्यावर संत सबास्त्यानची लाकडी मूर्ती आहे, एक हात तुटलेली. ती पूर्वी कोनाड्यात असे आणि मे महिन्याखेरीज घरात ठेवत, असे त्यांच्या सासूने सांगितले होते.

अर्जातले साल बदलले आहे. छायाचित्रे, मोजमापे आणि तीन घरांच्या सह्यांनिशी लिहून घेतलेल्या आठवणी जोडल्या आहेत. मीठबंदर यांनी सांगितल्याप्रमाणे नकाशाच्या प्रतीसाठी आणि यादीच्या माहितीसाठी वेगळे अर्ज दिले आहेत.

क्रूसावरच्या लाल आकड्याचे काय करायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. काहींचे म्हणणे की सहाचा आठ करून घ्यावा, रंगारी गावातलाच आहे. मी म्हटले की ब्रश पुन्हा त्या अक्षरांवर फिरवू नये. शेवटी ठरले की ‘इरेक्टेड’च्या पुढचे शब्द निघेपर्यंत कोणीही रंगाचा डबा उघडायचा नाही. दरम्यान एक सैल टाइल पोकळ वाजते आहे, तीही नेमकी त्याच ओळीखालची. पाषाणप्रेमी, आपण शनिवारी ठाण्यात असाल तर कृपया व्यक्तिगत निरोप करावा. दुकानदाराने दिवा बंद करण्याचे कबूल केले आहे.